चौदा नंबरचा बिल्ला

बिल्ला पत्र्याचा होता, व्यास साधारण चार सेंटिमीटर. एक बाजू पांढरी, एक लाल, दोन्हींवर तोच आकडा. चौदा नंबरच्या बिल्ल्याचं भोक बरोबर मध्यावर पाडलेलं नव्हतं, दोनेक मिलिमीटर बाजूला सरकलं होतं. त्यामुळे पांढरी बाजू समोर असली की तो डावीकडे कलायचा आणि लाल समोर असली की उजवीकडे. जहाजाच्या शिडीशी फळीवर टांगलेल्या बावीस बिल्ल्यांच्या दोन ओळींत तेवढा एकच वाकडा.

रबरी बोटीतून शिडी चढून मी वर आले, ओले हातमोजे काढले आणि माझा तेरा नंबरचा बिल्ला लालचा पांढरा केला. वरची सगळी ओळ पांढरी होती. खालच्या ओळीतही फक्त शेजारचा चौदा लाल होता, उजवीकडे झुकलेला. तोही मी फिरवला. विचार करून फिरवला असं म्हटलं तर ते खोटं होईल. हात गेला, बिल्ला फिरला, ओळ एकसारखी झाली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मी खोलीत जाऊन मोजे बदलले.

याला आता नऊ वर्षं झाली. अलास्काच्या किनाऱ्यावर डोंगरांच्या मधून समुद्र फार आत शिरलेला आहे. त्या खाड्यांतून आठ दिवस फिरणारं ते छोटं जहाज होतं. प्रवासी बावीस, कर्मचारी नऊ. वाटेत गाव नाही, धक्का नाही, फोनला रेंज नाही. माहितीपत्रकातली ही शेवटची ओळ वाचून मी नाव नोंदवलं होतं. जंगल, हिमनद्या आणि देवमासे नंतर वाचले.

बाकीच्या बहुतेक जोड्या होत्या. एकटे आलेले आम्ही दोघंच, मी आणि दामोदर शिरगुप्पे. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी आम्हाला एका टेबलाशी बसवलं गेलं. सत्तरी ओलांडलेले, कानटोपी, त्यावर जहाजानं दिलेली पिवळी टोपी.

"नागपूरकडच्या का?" त्यांनी बसता बसताच विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"वाढून घेताना स्वतःशीच बोललात, 'हे काय आहे न?' तो 'न' तिकडचाच. मी मिरजेचा. रेल्वेत गार्ड होतो. मालगाडीवर अकरा वर्षं, पॅसेंजरवर अठरा."

"एकटेच आलात?"

"तुम्ही पण एकट्याच आलाय की."

मी हसले. त्यांनी खिशातून स्टीलची चपटी डबी काढली. आत शेंगदाण्याची चटणी होती. "आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाही. आई तर दिवेलागणीच्या आधी चूल विझवायची. आणि इथं बघा, रात्रीचे साडेनऊ झाले तरी ऊन. सुदर्शनला म्हटलं, धर्म पाळायला इतकी सोयीची जागा दुसरी नसेल."

सुदर्शन त्यांचा मुलगा, सिएटलला असायचा. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून शिरगुप्पेकाका मिरजेत एकटे राहत होते, आणि ते मुलाला पटत नव्हतं. कुकर जाळला, किल्ली विसरले, अशा दोन-चार गोष्टींची त्यानं यादी केली होती. "शेवटी बोलणं ठरलं. आठ दिवस जहाजावर एकट्यानं नीट राहून दाखवा, मग मिरजेचं घर ठेवायचं की नाही ते बघू, म्हणाला. परीक्षाच आहे. तुमचं काय? तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मला आठ दिवस कुणी फोन करू नये असं वाटत होतं."

"मग फोन बंद ठेवायचा सोडून अलास्काला आलात," ते म्हणाले आणि चटणी पुढे केली.

मी खरं तेच सांगितलं होतं. मला एक पत्र आलं होतं, ईमेलवर, त्या प्रवासाच्या आठ महिने आधी. पाठवणारी प्रणिता नगराळे, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती. तिचे वडील श्रावण नगराळे आमच्या प्रयोगशाळेत, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या पाणी तपासणी केंद्रात, सहायक होते. सतरा वर्षांपूर्वी तिथं एका वस्तीच्या बोअरचं फ्लोराइड आम्ही एक दशांश दाखवलं होतं. पाणी पिण्याजोगं ठरलं आणि लोक ते अकरा महिने प्यायले. नमुना दहापट विरळ केल्याची खूण बाटलीवर केली नाही, असा ठपका श्रावणवर आला. त्याला प्रयोगशाळेतून काढून गोदामात बसवलं, ते कायमचं. प्रणितानं लिहिलं होतं:

"बाबा ऑगस्टमध्ये निवृत्त होत आहेत. सेवापुस्तकातला तो शेरा अजून आहे. ते म्हणतात, खूण केली होती. त्या दिवशी बाटल्या तुम्ही मशीनवर लावल्या होत्या. तुम्हाला काय आठवतं तेवढंच कळवा. नसेल आठवत तर तसंही कळवा, म्हणजे मी त्यांना पुन्हा विचारणार नाही."

मी कळवलं नव्हतं. रोज उघडायची, वाचायची, बंद करायची. जून उजाडला होता.

जहाजावरच्या बिल्ल्यांचा नियम नोरानं पहिल्याच दिवशी सांगितला होता. नोरा आमच्या भटकंतीची प्रमुख, चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. जहाज सोडताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आल्यावर पांढरा. सगळे पांढरे झाल्याशिवाय नांगर उचलत नाहीत. "आणि दुसऱ्याचा बिल्ला कुणी फिरवायचा नाही," ती म्हणाली होती. "तुम्ही नवरा-बायको असलात तरी नाही." शिरगुप्पेकाकांना मी हे मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. "बरोबर आहे. झेंडी गार्डनंच दाखवायची. ड्रायव्हरच्या दोस्तानं नाही."

चौथ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी मी चौदा नंबर फिरवला त्या दिवशी, आम्ही एका ओढ्याच्या मुखाशी उतरलो होतो. पाऊण तासातच काकांना थंडी वाजायला लागली. पहिल्या बोटीनं परत जातो, असं ते मला म्हणाले. मी पुढे शेवाळ बघत राहिले आणि दुसऱ्या बोटीनं आले. पुढे कळलं ते असं: किनाऱ्यावर सील दिसले म्हणून ते खडकामागे थांबले. पहिल्या बोटीवाल्याला वाटलं ते दुसरीत येतील, दुसरीवाल्याला वाटलं ते पहिलीत गेले. अशा वेळी फळी असते. नोरानं फळी बघितली. बावीसच्या बावीस पांढरे.

बारा वाजता नांगर उचलला.

जेवायला ते आले नाहीत. झोपले असतील म्हणून मी त्यांच्यासाठी भात वेगळा काढून ठेवायला सांगितला. बारा पस्तीसला त्यांच्या खोलीचं दार वाजवलं, मग उघडलं. अंथरूण घडी घातलेलं. पिवळं जाकीट नाही. बूट नाहीत.

फळी मला तिथं दिसत नव्हती, पण चौदा नंबरचा बिल्ला मला दिसला. उजवीकडे कललेला, लाल.

मी धावले नाही. चालत गेले आणि नोराला सांगितलं, "शिरगुप्पे जहाजावर नाहीत." तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." एवढंच. जहाज वळलं तेव्हा टेबलावरचे पेले एका बाजूला सरकले.

एक वीसला आम्ही परत पोचलो. भरती चालू होती. तिथं सहा तासांत पाणी पाच मीटर चढतं, आम्ही उतरलो होतो तो वाळूचा पट्टा पूर्ण बुडाला होता. काका वर, झाडांच्या कडेला एका ओंडक्यावर बसले होते. दुर्बिणीतून नोराला आधी पिवळी टोपी दिसली. बोट जवळ गेली तसा आवाज ऐकू आला. अस्वलांच्या भागात बोलत राहायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. काका मोठ्यानं बोलत होते.

"काय म्हणत होता?" शिडीवरून वर घेतल्यावर मी विचारलं.

"स्टेशनं. दुसरं काय येतंय मला? मिरज, विश्रामबाग, सांगली, माधवनगर. कोरेगावपर्यंत गेलो. अस्वल असलं तर कंटाळून गेलं असंल." त्यांनी कानटोपी नीट केली. "गाडी सोडून गेलात की हो मला."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं. मीही हसले. तेवढ्यात फळीशी उभा असलेला एक गृहस्थ आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "जाताना फिरवायलाच विसरले असणार." बायकोनं मान हलवली. पाच मिनिटांत ते जहाजभर झालं.

तीन वाजता कॅप्टननं त्यांना बोलावलं. कॅप्टन होल्ट ही पन्नाशीची बाई होती, आवाज खालचा, समोर नोंदवही. काकांचं इंग्रजी कामापुरतं होतं, म्हणून मला दुभाषी म्हणून बसवलं.

"जाताना बिल्ला लाल केला होता का, विचारा त्यांना."

मी विचारलं.

"केला होता," काका म्हणाले. "करून पुन्हा एकदा बघितला. सवय आहे ती, जात नाही."

मी तसं सांगितलं. कॅप्टननं पेन खाली ठेवलं.

"आम्ही निघालो तेव्हा तो पांढरा होता. नोरानं स्वतः पाहिलाय. म्हणजे त्यांनी तो फिरवला नाही, पण फिरवला असं त्यांना वाटतंय. या वयात होतं असं. आमची किनाऱ्यावरची मोजणी चुकली, ती माझी जबाबदारी आहे, त्याबद्दल मी त्यांची माफी मागते. पण उरलेले दिवस त्यांना मी जहाजाखाली उतरू देऊ शकत नाही, आणि मुलाला कळवावं लागेल. त्यांना लागणार नाही अशा शब्दांत सांगा."

मी तसे शब्द शोधले. "त्या माफी मागतायत," मी म्हटलं. "आणि म्हणतायत की कदाचित बिल्ला फिरवायचा राहून गेला असेल. फिरवला असं वाटलं असेल."

काका माझ्याकडे बघत राहिले. "असं म्हणतायत?"

"हो."

"तुम्ही माझ्या पुढंच होता की जाताना. तुम्ही बघितलं नाही लाल केलेला?"

"जाताना मी माझाच बघितला," मी म्हटलं.

हे वाक्य खरं होतं.

त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सगळेच म्हणतायत तर नसंल केला. लिहा म्हणावं. गार्डकडून झेंडी राहिली."

"ते म्हणतात, चूक त्यांची असेल," मी इंग्रजीत सांगितलं. कॅप्टननं ते लिहिलं. अक्षर सुबक होतं. मग तिनं सॅटेलाइट फोनवरून सिएटलला फोन लावला. काकांनी फोन कानाला लावला आणि दहा-बारा वेळा नुसतं "हं" म्हटलं.

संध्याकाळी साडेआठला मागच्या डेकवर ऊन होतं. पाणी सपाट, काठावरची झाडं जशीच्या तशी उलटी पडलेली. काका बाकावर बसले होते. जेवले नव्हते. मी शेजारी बसले.

"काय म्हणाला सुदर्शन?"

"चांगलं बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं." त्यांनी गुडघ्यावरचं ब्लँकेट सारखं केलं. "मिरजेचं घर दिवाळीनंतर बघू म्हणाला. बघू म्हणजे काय ते मला कळतं. ऐका जरा, बरोबर म्हणतोय का सांगा. मिरज, विश्रामबाग, सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी, अमणापूर, किर्लोस्करवाडी, भवानीनगर..."

ते थांबले. ओठ हलत होते.

"किर्लोस्करवाडीनंतर ताकारी," ते म्हणाले. "ताकारी राहिलं. दुपारी आलं होतं. अठरा वर्षांत ताकारी कधी राहिलं नव्हतं बघा."

"दमला आहात तुम्ही."

"तसंच असंल." ते उठले. "झोपतो. सूर्य काय, मावळंल त्याचा तो."

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. पाणी बघत होते असं म्हणता येईल, पण मला दिसत होतं ते एक फडकं.

मला बाटल्या पुसायची सवय होती. तशी गरज नसायची. नमुने गावाहून धुळीनं माखून यायचे, आणि मशीनपुढे मांडताना मी प्रत्येक बाटली पुसून, लेबल समोर करून, एका रेषेत ठेवायची. सगळे त्याचं कौतुक करायचे. त्या दिवशीच्या बारा बाटल्यांत एकीच्या झाकणावर निळ्या मेणपेन्सिलीनं काहीतरी रेघोट्या होत्या. पुसताना त्या मला डाग वाटल्या. फडक्यावर निळं उतरलं, ते मी पाहिलं, शाई समजले आणि फडकं धुवायला टाकलं. तो दहाचा आकडा होता हे मला अकरा महिन्यांनी कळलं, चौकशी समितीपुढे, श्रावण हात जोडून "निळ्या पेन्सिलीनं केली होती जी" असं म्हणाला तेव्हा. तोपर्यंत मी ते विसरले होते. त्या क्षणी आठवलं.

समितीनं मला विचारलं, "तुम्ही तपासणी केली तेव्हा बाटलीवर खूण होती का?"

"मी नमुना मशीनला लावला तेव्हा नव्हती," मी म्हणाले.

तेही खरं होतं. अध्यक्षांनी लिहून घेतलं. त्यानंतर मी वरिष्ठ झाले, मग केंद्राची प्रमुख. श्रावण गोदामात डबे मोजायचा. व्हरांड्यात भेटला की "नमस्कार मॅडम" म्हणून बाजूला व्हायचा. माझ्याविरुद्ध त्यानं कुणाकडे एक शब्द काढला नाही, कारण त्याला माझा संशयच नव्हता. आपणच खूण करायची विसरलो की काय, असं तो नंतर लोकांना विचारायला लागला होता. मला दोनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, जाऊ दे आता.

मी लेखी दिलं असतं तर माझ्यावर चौकशी बसली असती, आणि त्या वस्तीतल्या मुलांच्या पिवळ्या पडलेल्या दातांचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. माझ्या निवृत्तीला सात वर्षं होती. ही दोन कारणं मी आठ महिने एकमेकांशेजारी मांडून बघत होते.

सकाळी साडेपाचला मी कॅप्टनच्या केबिनशी गेले. ती जागी होती, कॉफी पीत होती.

"काल चौदा नंबरचा बिल्ला मी फिरवला," मी म्हटलं.

तिनं कप खाली ठेवला. "किती वाजता?"

"अकरा वीस."

"मुद्दाम?"

"नाही. ओळीत तेवढाच लाल होता आणि वाकडा लोंबत होता. सारखा केला."

तिनं नोंदवही उघडली. कालच्या वाक्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, बाजूला वेळ घातली, सही केली आणि नवं वाक्य लिहिलं. आमच्या प्रयोगशाळेतही चूक अशीच खोडतात. वीस वर्षं मी ते नव्या मुलांना शिकवत आले होते.

"काल तुम्ही भाषांतर करत होता," ती म्हणाली.

"हो."

तिनं चष्मा काढून पुसला. "त्यांना मी सांगू की तुम्ही सांगणार?"

"मी सांगते."

"मुलाला फोन मी करेन. सात वाजता. त्यांनाही घेऊन या."

शिरगुप्पेकाका मागच्या डेकवरच होते, त्याच बाकावर, पुढ्यात चटणीची डबी आणि पावाचे दोन तुकडे. डोळ्यांखाली सूज होती. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल साडेबाराला. तुमची खोली रिकामी दिसली तेव्हाच."

"म्हणजे कॅप्टनपुढं बसलो होतो तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि ताकारी राहिलं तेव्हा?"

"हो."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. ते बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं. "देऊस्करबाई, मागं राहिलो त्याचं मला काही नाही. माणसं मागं राहतात, मी पण ठेवलीत. करमाळ्याच्या एका म्हातारीला तर भिलवडीला ठेवून आलतो. पण रात्रभर मी एकेक काढून बघत होतो. बायको कुठल्या वारी गेली. सुदर्शनची जन्मतारीख. मिरजेतून निघताना गॅस बंद केला का. एक बरोबर आलं की दुसरं काढायचं, ते आलं की तिसरं. चुकतंय कुठं ते शोधत होतो. पंधरा तास."

"माझं फार चुकलं."

"ते झालंच." ते समुद्राकडे बघत होते. "मला वेड लागायला लागलंय असं मी स्वतःलाच पटवून दिलं होतं की. पटलं होतं. आता तुम्ही सांगितलंत म्हणून लगेच उलटं पटतंय असं नाही. त्याला वेळ लागंल."

मी बाकाच्या कडेला बसले.

"तुम्हाला आता मोकळं वाटत असंल," ते म्हणाले.

"नाही."

"मग ठीक आहे." थोड्या वेळानं त्यांनी डबी पुन्हा उघडली आणि माझ्या दिशेनं सरकवली. "खायचं तर खा. राग गेला नाही माझा. पण उपाशी माणसावर काय रागवायचं?"

मी पावाचा तुकडा घेतला. चटणी फार तिखट होती. मी पंधरा तासांचं गणित पुढे नेलं नाही. सतरा वर्षांचे तास काढता आले असते, तोंडी हिशेब होता.

सात वाजता कॅप्टननं सुदर्शनला फोन लावला आणि घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग फोन काकांकडे दिला. ते पाठ करून उभे राहिले. "हां. बिल्ला केला होता मी. हां. नाही, त्या बाईंनी... असू दे, चांगल्या आहेत. सांगितलं ना त्यांनी." मग जरा आवाज चढला. "आणि ते दिवाळीनंतर बघू वगैरे आपण आत्ताच बोलून घेऊ. तुझा कुकर कधी जळला नाही काय रे?"

ते बाहेर गेल्यावर मी कॅप्टनला म्हटलं, "मला एक फोन करायचाय. भारतात."

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "त्यानंतर डोंगर आड येईल." फोन माझ्या हातात देऊन ती दार लोटून बाहेर गेली.

भारतात साडेआठ वाजले असणार होते. पत्राच्या शेवटी दिलेला नंबर मला बघावा लागला नाही. आठ महिन्यांत तो पाठ झाला होता. बरीच खरखर झाली, मग घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"प्रणिता, मी मालिनी देऊस्कर."

माझा आवाज तिकडे पोचून तिचा परत यायला दोन सेकंद लागत होते. त्या दोन सेकंदांत फोन ठेवता येतो.

"मॅडम? मला वाटलं माझा मेल पोचलाच नाही."

"पोचला होता. त्याच दिवशी वाचला. बाबा आहेत का?"

"आहेत न. जेवून राहिले." मग लांबून, "बाबा, देऊस्कर मॅडमचा फोन आहे. हो, त्याच." ताट सरकल्याचा आवाज आला, नळाचं पाणी सुटलं, बंद झालं. तो हात धूत होता. माझ्याशी बोलायचं म्हणून हात धुऊन, पुसून येत होता.

"नमस्कार मॅडम," श्रावण म्हणाला. "कशा आहात जी? प्रणितानं तुम्हाला उगाच त्रास दिला, मी म्हटलं होतं तिला. एवढ्या वर्षांचं तुम्हाला काय आठवणार?"

खिडकीबाहेर डोंगर हळूहळू सरकत होता. मी टेबलाची कड धरली.

"श्रावण, झाकणावर खूण तुम्ही केली होती. निळ्या पेन्सिलीनं. ती मी पुसली. चौकशीच्या दिवशी मला ते माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. रविवारी बंदराला उतरले की हे सगळं मी संचालकांना लेखी देणार आहे, माझ्या सहीनं."